गोचीड, दुष्काळ आणि सिंह

गाईच्या कानात रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली असेल. हवामानबदल सिंहाला कसा गाठतो, हे कळायचं तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

१९९४ साली टांझानियातल्या सेरेंगेटीमधले जवळपास एक तृतीयांश सिंह मेले. धडधाकट दिसणाऱ्या सिंहाला अचानक झटके यायचे आणि तो कोसळायचा. रोग होता कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर. २००१ साली शेजारच्या न्गोरोंगोरो विवरात पुन्हा तेच घडलं. पण जपून ठेवलेले सिंहांचे जुने रक्तनमुने तपासले, तर हा विषाणू आधीही अनेकदा येऊन गेलेला! तेव्हा सिंहांनी तो अंगावर काढला होता. मग याच दोन वेळी काय बिघडलं?

उलगडा २००८ साली झाला. दोन्ही साथींच्या आधी भीषण दुष्काळ पडला होता. चाऱ्यावाचून रानम्हशी खंगल्या. पाऊस परतला, तशा गोचिडी माजल्या आणि त्या अशक्त म्हशींच्या अंगावर लगडल्या. सिंहांना आयती शिकार मिळाली, पण तिच्यासोबत गोचिडी आणि त्यांच्यातला बबेसिया हा परजीवीही आला. डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती पाडली, बबेसियाने रक्तातल्या तांबड्या पेशी फोडल्या. ज्या कळपांत बबेसिया कमी होता, तिथे डिस्टेंपर येऊनही मृत्यू वाढले नाहीत.

मला यातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते. दुष्काळाने सिंहाला उपाशी मारलं नाही, तो भरल्या पोटी गेला. आणि पृथ्वी तापते तसा कोरडा काळ जास्त कोरडा होतो, पाऊस आला की कोसळतो. त्या दोन वर्षांसारखे योग आणखी जुळून येण्याची भीती त्यामुळेच वाटते.

गीरचं काय? २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दलखाणिया भागात २३ सिंह दगावले. डिस्टेंपरचं निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झालं. काही सिंहांत बबेसियाही सापडला. त्याआधी जून २०१५ मध्ये अमरेलीतल्या शेत्रुंजी नदीच्या पुराने किमान दहा सिंह नेले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने गीरमधली असंख्य झाडं आडवी केली.

२०२५ च्या गणनेत आशियाई सिंह ८९१ भरले. आनंद आहेच, पण हे सगळे एकट्या सौराष्ट्रात आहेत. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत हलवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच दिला. कुनोत चित्ते आले, सिंह अजून एकही पोहोचलेला नाही.