मिशनरी वेगळा, फौजेतला पाळक वेगळा

पांढरकवड्याकडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, या हिवाळ्यात युक्रेनला जात आहेत. तिथल्या सैन्यातल्या चॅप्लेनांना, म्हणजे फौजेतल्या पाळकांना, शिकवायला जाणाऱ्या एका गटात त्यांचं नाव आलंय. रविवारी उपासना सुटल्यावर कापसाच्या भावापेक्षा याचीच चर्चा जास्त झाली. "पाळक साहेब लढाईवर चालले का जी?" एका आजीनं मला विचारलं. गावात दुसरीच कुजबुज आहे, की तिकडे जाऊन सैनिकांना बाप्तिस्मा देणार. दोन्ही समज चुकीचे, आणि दोन्हींचं मूळ एकच: मिशनरी आणि फौजेतला पाळक यांना आपण एकाच मापानं मोजतो.

विदर्भात असं होणं साहजिक आहे. आपल्या आजा-पणज्यांनी पाहिले ते बहुतेक मिशनचेच लोक. कुठं दवाखाना काढला, कुठं शाळा, यवतमाळला तर १९५३ साली पाळक घडवणारं बायबल सेमिनरीच उभं राहिलं, जे १९८३ ला पुण्याला गेलं. छावणीतला पाद्री आपल्या वाट्याला आलाच नाही, कारण तो गावात फिरतच नसे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या पाद्र्यांना स्वतः पगार देई. त्यांचं काम कंपनीच्या गोऱ्या लोकांपुरतं: उपासना, लग्न, दफनविधी. मिशनऱ्यांना मात्र तिनं ब्रिटिश संसदेच्या १८१३ च्या सनदेपर्यंत आपल्या मुलखात सहजासहजी पाय ठेवू दिला नाही. कामठीच्या छावणीजवळ १८४५ ला येऊन राहिलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं नागपूरचं कॉलेज आहे, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चनं पाठवलेले मिशनरी होते. पलटणीचे पाद्री नव्हते.

फरक पाहायचा तर कोण पाठवतो आणि कोणासाठी पाठवतो, एवढं विचारावं. मिशनऱ्याला मंडळी पाठवते. तो सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगतो, ज्याला ऐकायची तो ऐकतो, नको असेल तो उठून जातो. फौजेतल्या पाळकाला सैन्यानं नेमलेलं असतं आणि त्याच्या तुकडीतल्या जवानांनी त्याला निवडलेलं नसतं. म्हणूनच त्यानं कोणाला आपल्या पंथात ओढायचं नसतं. युक्रेनच्या फौजेत ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, बाप्टिस्ट अशा वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती आहेत, मुसलमान, यहुदी आहेत, आणि काहीच न मानणारेही आहेत. तिथला बाप्टिस्ट चॅप्लेन मरणपंथाला लागलेल्या ऑर्थोडॉक्स पोरासाठी ऑर्थोडॉक्स पाद्री शोधून आणतो. मला हे काम मिशनरीच्या कामापेक्षा अवघड वाटतं. आपला विश्वास पक्का ठेवून दुसऱ्याच्या विश्वासाची सोय करायची, यासाठी मन मोठं लागतं.

आपल्या बुलढाण्या-वाशिमची जी पोरं सैन्यात आहेत त्यांना विचारा. त्यांच्या पलटणीत पंडितजी असतात, ग्रंथी असतात, मौलवी, पाद्री किंवा बौद्ध भिक्खू असतात, जसे जवान तसे. हे सगळे धर्मगुरू नायब सुभेदार म्हणून भरती होतात आणि पुण्याला राष्ट्रीय एकात्मता संस्थेत एकत्र शिकतात. मंदिर परेडला जाणाऱ्या जवानाला कधी वाटत नाही की पंडितजी आपला धर्म बदलायला आलेत. तसाच तिकडचा चॅप्लेन.

युद्धाचा कायदाही दोघांना वेगळं धरतो. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या २४ व्या कलमात सैन्याच्या धर्मसेवकांना डॉक्टरांच्या बरोबरीनं संरक्षण आहे. शत्रूच्या हाती पडला तरी तो युद्धकैदी ठरत नाही. कैद्यांना त्याची गरज असेल तेवढंच त्याला ठेवून घेता येतं. मिशनरी त्या कायद्यात साधा नागरिक. युक्रेनमध्ये २०१४ पासून कितीतरी पाद्री स्वतःहूनच आघाडीवर जात होते. २०२१ च्या नोव्हेंबरात कायदा झाला, १ जुलै २०२२ पासून लागू झाला, आणि चॅप्लेन सैन्याच्या रीतसर पदावर आले. वर्दी आली, पण हाती बंदूक नाही.

मग आमचे पाळक तिथं कोण? ते पाहुणे शिक्षक. वर्दी नाही, पद नाही, आघाडीवर जाणं नाही. थकलेल्या चॅप्लेनांना काही दिवस मागे आणून बसवायचं, त्यांचं ऐकायचं आणि जमेल ते शिकवायचं.

काय शिकवणार, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी बायबलातली दोन स्तोत्रं काढली. ९१ वं सैनिकांना फार आवडतं: तुझ्या बाजूला हजार पडतील, तरी तुला काही होणार नाही. पण तेच स्तोत्र खिशात ठेवून मेलेल्याचा सोबती रात्री चॅप्लेनापुढे येऊन बसला, तर त्याला काय सांगायचं? मग पाळकांनी ८८ वं उघडलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी पवित्र शास्त्रात आहे. ज्याच्याजवळ उत्तर नाही त्यानं हे स्तोत्र त्या पोराच्या बाजूला बसून वाचावं, असं ते म्हणाले. आमच्या भागात फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या शेतकऱ्यांच्या घरी ते कितीदा बसलेत. अशा घरात "देवाची इच्छा" म्हणायचं नसतं, आधी चूल पेटली का ते पाहायचं असतं, हे त्यांना कोणत्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. मला वाटतं, तिकडच्या लोकांना हेच हवं असेल.

मंडळीतल्या काहींनी सुवार्तेच्या पत्रिका छापून सोबत द्यायचं सुचवलं होतं. पाळकांनी नाही म्हटलं. आपण चॅप्लेनांचे पाहुणे आहोत, त्यांच्या जवानांमध्ये पत्रिका वाटल्या तर उद्या त्यांच्यावरचा विश्वास जाईल, आपण तर परत येऊन जाऊ. हे मला पूर्ण पटलं. वर्गणी मात्र लागणारच आहे. युक्रेनचं आकाश २०२२ च्या फेब्रुवारीपासून प्रवासी विमानांना बंद आहे, म्हणून पोलंडपर्यंत विमान आणि पुढे रेल्वे. ज्यांना द्यायचं आहे त्यांनी कापूस विकल्यावर दिलं तरी चालेल, असं खजिनदारांनी सांगितलंय.