फिल्म न्वारमधला पुरुष खरंच भोळा असतो का?

‘जुन्या फिल्म न्वार चित्रपटांत, म्हणजे हॉलिवुडच्या काळोख्या गुन्हेगारीपटांत, एक सरळमार्गी माणूस असतो आणि एक मायावी बाई त्याला नादी लावून धुळीला मिळवते,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पोस्टरवरची ती रोखलेली नजर पाहून तसं वाटणं स्वाभाविकच आहे. चित्रपट मात्र वेगळं दाखवतात.

‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) घ्या. नवऱ्याच्या जिवावर उठण्याची सूचना बाईकडून येते, हे खरं. पण आगगाडीतून पडल्याचा बनाव करून विम्याची दुप्पट रक्कम उकळायची, ही योजना विमा एजंटाची. कंपनीला कसं फसवता येईल याचा विचार आपण आधीपासून करत होतो, अशी कबुली तो स्वतः देतो. आणि सगळी कथा त्याच्याच तोंडून येते! म्हणून पाहताना मनात एक प्रश्न ठेवा: हे सांगतंय कोण?

‘लॉरा’मध्ये (१९४४) तर वेड पुरुषांचंच आहे. एक पोलीस डिटेक्टिव्ह मेलेल्या समजल्या गेलेल्या स्त्रीच्या तसबिरीत गुंततो. दुसरा एक पुरुष, ती आपली होत नाही म्हणून तिच्या जिवावर उठतो. तिचा अपराध काहीच नाही.

‘गिल्डा’ (१९४६) शेवटपर्यंत पाहा. नायिका गिल्डाच्या ज्या बदफैलीपणाने नायक जळत राहतो, तो निव्वळ देखावा होता, हे अखेर एक पोलीस अधिकारी त्याला सांगतो.

मग ‘डबल इंडेम्निटी’तल्यासारख्या, गुन्ह्यात सामील नायिकांचा शेवट वाईट का? हॉलिवुडमध्ये १९३४पासून कडकपणे राबवलेल्या नियमावलीनुसार गुन्ह्याला शिक्षा दाखवावीच लागे. पुरुषांनाही त्यातून सूट नव्हती. ‘डबल इंडेम्निटी’चा निवेदक कबुलीजबाब देतो, तेव्हा त्याच्या खांद्यात गोळी असते.