अपग्रेड आणि जुन्या सेटिंग्ज: एका फाइलचे दोन मालक

डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणाली अपग्रेड करताना काम कधीतरी मध्येच अडतं आणि स्क्रीनवर प्रश्न येतो. या कॉन्फिगरेशन (म्हणजे सेटिंग्जच्या) फाइलमध्ये तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदल केलाय आणि पॅकेज (सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा) बनवणाऱ्यांनीही नवी फाइल पाठवलीय, तर काय करायचं? वाय दाबलं तर नवी येते, एन दाबलं तर तुमची राहते, डी दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो, झेड दाबून शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या जागी) जाऊन बघता येतं. नुसतं एंटर म्हणजे एन. बहुतेक जण एंटर दाबून मोकळे होतात. हा प्रश्न कुठून आला, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

लिनक्सला जिचा नमुना होता त्या युनिक्स प्रणालीतल्या ‘एटसी’ या डिरेक्टरीचं (फोल्डरचं) नाव ‘इत्यादी’ या अर्थाचं. बाकी कुठे जागा नसलेलं सगळं तिथे पडायचं. पासवर्डची फाइल तिथे आणि सुरुवातीच्या काळात काही प्रोग्रामसुद्धा तिथेच. सेटिंग्ज साध्या मजकुरात असायच्या, कुठल्याही एडिटरने बदलता यायच्या. मोठी सोय होती, आणि घोळाचं मूळही तेच. सिस्टिम बनवणाराही त्याच फाइलमध्ये लिहिणार, चालवणाराही त्याच फाइलमध्ये लिहिणार, आणि कुठली ओळ कोणाची हे फाइलला काही ठाऊक नाही. नवी आवृत्ती आली की जुन्या फाइली बाजूला काढून ठेवायच्या आणि नव्यांशी हाताने ताडून बघायच्या. १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत दोन फाइलींतला फरक दाखवणारं ‘डिफ’ आलं, तेव्हा निदान डोळ्यांवरचा ताण कमी झाला.

पण डिफ दोनच फाइली बघतं. माझ्या फाइलमध्ये एक मर्यादा ६४ आहे, नव्या फाइलमध्ये १२८. मी ती कमी केली होती, की त्यांनी आता वाढवली? दोन फाइली कितीही ताडल्या तरी याचं उत्तर मिळत नाही. त्याला तिसरी फाइल लागते, मागच्या वेळी मुळात आलेली, कोणी हात न लावलेली. तीन फाइली ताडणारं ‘डिफ३’ १९७९ च्या सातव्या आवृत्तीत होतं, पण ती मूळ प्रत जपून ठेवणार कोण?

डेबियन १९९३ मध्ये सुरू झालं. त्याच्या ‘डीपीकेजी’ या पॅकेज व्यवस्थेने यावर काटकसरीचा तोडगा काढला. मूळ फाइल ठेवायची नाही, फक्त तिची एमडी५ बेरीज (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा छोटा आकडा) टिपून ठेवायची. अपग्रेडच्या वेळी डिस्कवरच्या फाइलची बेरीज त्या टिपलेल्या बेरजेशी जुळली, तर कोणी हात लावलेला नाही, नवी फाइल गुपचूप बसते. पॅकेजमधली फाइल बदललेली नसेल, तर तुमची तशीच राहते. दोन्हीकडे बदल असेल तरच वरचा प्रश्न येतो. तुम्ही फाइल मुद्दाम उडवली असेल, तर तोही तुमचा बदल मानला जातो आणि ती आपणहून परत येत नाही. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच. उणीव एवढीच की बेरजेवरून बदल झाल्याचं कळतं, काय बदललं ते कळत नाही. त्यामुळे दोन्ही फाइली जुळवायचं काम माणसावरच येतं.

‘आरपीएम’ या लिनक्सच्या दुसऱ्या पॅकेज व्यवस्थेने वेगळी वाट धरली. तिथे निर्णय पॅकेज बनवणाऱ्याने आधीच घेतलेला असतो, तुम्हाला कोणी विचारत नाही. एक तर तुमची फाइल ‘आरपीएमसेव्ह’ शेपटी लावून बाजूला जाते, नाहीतर नवी फाइल ‘आरपीएमन्यू’ म्हणून शेजारी पडून राहते. जुन्या सर्व्हरवर अशा कधीच न उघडलेल्या फाइलींचा ढीग सापडतो. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीच्या ‘मर्जमास्टर’मध्ये उलट टोक होतं: डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, एकेक तुकडा निवडत बसायचं, आणि बऱ्याचदा फरक निघायचा तो फक्त वरच्या आवृत्ती क्रमांकाच्या ओळीत. पुढे ‘एटसीअपडेट’ने मूळ प्रती जपून तीन फाइलींचं विलीनीकरण सुरू केलं आणि हा छळ बराच कमी झाला.

विंडोजने आयएनआय या साध्या मजकुराच्या सेटिंग्ज-फाइलींकडून रजिस्ट्री या सेटिंग्जच्या एकत्र साठ्याकडे मोर्चा वळवला. ती १९९२ च्या ३.१ मध्ये मर्यादित कामासाठी होती, विंडोज ९५ पासून सर्वत्र पसरली. एकेक नोंद वेगळी राखता येऊ लागली, पण ‘हे असं का ठेवलंय’ अशी टीप शेजारी लिहायची जागा गेली.

फाइल जपली म्हणजे काम जपलं, असंही नाही. २०१५ मध्ये डेबियन ७ वरून ८ वर जाताना अपाची हा वेब सर्व्हर २.२ वरून २.४ वर गेला. एन दाबून जुनी मुख्य फाइल ठेवली, तर तिच्यातली ‘लॉकफाइल’ ही सूचना २.४ ला ओळखता येत नव्हती आणि सर्व्हर सुरूच व्हायचा नाही. वाय दाबलं तर सर्व्हर सुरू व्हायचा, पण नवी फाइल फक्त ‘डॉट कॉन्फ’ने संपणाऱ्या साइट-फाइली वाचायची, शेवटी ‘डॉट कॉन्फ’ नसलेल्या साइट्स गायब. कुठलंही बटण दाबा, अडकायचं ठरलेलंच.

म्हणून मग जुळवण्याऐवजी वाटणीच करायचा विचार बळावला. फ्रीबीएसडीत मूळ सेटिंग्ज ‘डीफॉल्ट्स’ डिरेक्टरीतल्या फाइलमध्ये गेल्या आणि स्वतःच्या फाइलमध्ये फक्त आपला फरक उरला. लिनक्समध्ये नावाच्या शेवटी ‘डॉट डी’ असलेल्या डिरेक्टरी रूढ झाल्या, त्यांत आपली छोटी फाइल टाकायची. २०१० मध्ये आलेल्या सिस्टिमडी या लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेने मूळ फाइली ‘यूएसआर’खाली आणि आपल्या ‘एटसी’त, अशी सरळ फाळणी केली. निक्सओएस या लिनक्स प्रणालीने तर ‘एटसी’तला बराचसा भाग एकाच वर्णनातून दरवेळी नव्याने तयार करायला सुरुवात केली.

वाटणीतही एक फट राहते. सिस्टिमडीची एखादी युनिट फाइल (एखादी सेवा कशी चालवायची ते सांगणारी) अख्खी कॉपी करून ‘एटसी’त बदलली, तर अपग्रेडमध्ये आलेली नवी युनिट तिच्यामागे झाकली जाते आणि प्रश्न काही विचारला जात नाही. ‘सिस्टिमडी-डेल्टा’ चालवलं तर अशा झाकलेल्या फाइलींची यादी दिसते, पण ते चालवायचं आपल्यालाच आठवावं लागतं.