पाण्याखालचा लाल रंग खोटा नसतो

तारकर्लीला जाऊन आलेल्यांचे फोटो नागपूरच्या ग्रुपवर आले की एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘पाण्याखाली सगळं निळंच असतं, लाल-केशरी दिसलं की समजा रंग भरलाय.’

अर्धं खरं आहे. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषतं. त्यामुळे पाच-दहा मीटर खोलीवर लाल प्रवाळ मळकट करडं दिसतं. पण रंग त्याच्या अंगात असतोच, तो दाखवणारा प्रकाश तेवढा पोहोचत नाही.

पडताळा घरीच घ्या. अंधाऱ्या खोलीत लग्नाच्या रोषणाईतला निळा दिवा लावून संत्रं धरा. काळपट दिसेल! आता पांढरी टॉर्च मारा, संत्रं पुन्हा संत्र्यासारखं. पाणबुड्याची टॉर्च नेमकं हेच करते.

टॉर्च नसेल तर एडिटिंगमध्ये लाल वाढवतात. त्यात लबाडी नाही, मात्र मर्यादा आहे. फोटो मोठा करून पाहा: लाल फार ताणला असेल तर सावल्यांत रंगीत दाणे दिसतात.

खोटेपणा असलाच तर दुसरीकडे असतो. तारामासा हातात धरलेला, कासवाला अडवून काढलेला फोटो. तिथे रंग अस्सल असले तरी मला तो बघवत नाही.