एचआयव्ही ड्रग रेझिस्टन्स आणि उपचार फेल होणं

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या चालू असताना एचआयव्हीचा विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो, गोळी पोटात जाते, रक्तात उतरते आणि तरी विषाणू वाढतच राहतो, याला ड्रग रेझिस्टन्स म्हणतात. बोलताना बरेच जण ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असं म्हणतात, ते चूक आहे, बदललेला असतो तो विषाणू, शरीर जसंच्या तसं असतं. दुसरी गल्लत म्हणजे उपचार फेल झाला की रेझिस्टन्स आलाच असं धरून चालणं. फेल झालं की नाही ते व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावर ठरतं, नॅकोच्या (सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यक्रमात एका मिलिलिटरमागे १००० कॉपी ही रेघ आहे, पण त्या रेघेवरच्या पेशंटच्या विषाणूत बदल झालेला असेलच असं नाही, कित्येकदा गोळ्याच घेतल्या गेलेल्या नसतात.

मुळात हा विषाणू नक्कल करण्यात फार गचाळ आहे. त्याचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम साडेनऊ हजार अक्षरांचा, पण उतरवून काढणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम लिहिलेलं परत तपासत नाही, त्यामुळे चुका राहून जातात, आणि उपचार नसलेल्या माणसात रोज अब्जावधी विषाणू तयार होतात म्हणजे एकेका अक्षराची होऊ शकणारी जवळपास प्रत्येक चूक रोजच्या रोज कुठेतरी होत असते. बहुतेक चुकांनी विषाणूचंच नुकसान होतं. पण औषध चालू असताना एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते आणि तोच मग माजतो.

उदाहरण एम१८४व्ही नावाच्या बदलाचं घेऊ, कारण फेल झालेल्या पेशंटच्या रिपोर्टात हे नाव सगळ्यात जास्त दिसतं. त्या एन्झाइमच्या १८४ नंबरच्या जागेवर मेथिओनिन हे अमिनो आम्ल असतं, तिथे व्हॅलिन येतं, त्यासाठी ‘एटीजी’ चं ‘जीटीजी’ व्हायला लागतं, बस्स, एक अक्षर. व्हॅलिनची फांदी अशी आडवी येते की लॅमिव्ह्युडिन या एआरटीतल्या औषधाचा रेणू तिथे नीट बसतच नाही, औषध निकामी. गंमत म्हणजे या बदलाने विषाणू स्वतःही थोडा लंगडा होतो आणि टेनोफोव्हिर या दुसऱ्या औषधाला जास्त बळी पडतो, म्हणून डॉक्टर पुष्कळदा लॅमिव्ह्युडिन ‘फेल’ असूनही चालूच ठेवतात, पेशंटला हे सांगितलं नाही तर तो चक्रावतो. के१०३एन या बदलात असा काही फायदा मिळत नाही, तो आला की नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ ही दोन्ही औषधं एका फटक्यात गेली. टेनोफोव्हिरसाठी के६५आर हा बदल बघतात.

औषध अजिबात न घेणाऱ्यात रेझिस्टन्स तयार होत नाही, कारण तिथे बदललेल्या विषाणूला वरचढ व्हायला कारणच नसतं. धोका मधल्या अवस्थेत असतो, औषध रक्तात आहे पण पुरेसं नाही. आणि इफाव्हिरेन्झ, नेव्हिरापिनचं तर वेगळंच त्रांगडं, एकत्र चालणारी तिन्ही औषधं एकदम बंद केली तरी या दोघांतलं जे असेल ते रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, बाकीची आधीच उतरलेली, म्हणजे विषाणूसमोर एकटं एकच औषध उरतं. एकट्या औषधाचं काय होतं ते सुरुवातीलाच दिसलं होतं, एझेडटी नावाचं औषध १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि १९८९ मध्ये त्याला न जुमानणारे विषाणू सापडल्याचं छापून आलं. तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत १९९६ पासून रुळली ती त्यामुळेच.

आपल्याकडे मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मुंबईचं जेजे हॉस्पिटल पहिल्या केंद्रांपैकी एक. त्याआधी खाजगीत, पैशाची ओढाताण असल्यामुळे, काही जण दोनच औषधांवर काढायचे आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. सेकंड लाइन, म्हणजे पहिली औषधं (फर्स्ट लाइन) फेल झाल्यावर द्यायची औषधं सरकारी कार्यक्रमात २००८ मध्ये आली, तीही आधी जेजे आणि चेन्नईजवळचं तांबरम या दोनच ठिकाणी.

आता व्हायरल लोड १००० च्या वर आला की लगेच औषध बदलत नाहीत. आधी काऊन्सेलर बसवून घेतो, बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतो, महिन्याच्या ३० पैकी आज इतक्या उरायला हव्यात, मग इतक्या का. गोळ्या नीट घेऊन काही महिने गेले की पुन्हा तपासणी, आणि तरीही लोड वर असेल तरच केस पुढे सेकंड लाइन देणाऱ्या एआरटी प्लस सेंटरला आणि तज्ज्ञांच्या पॅनेलकडे जाते. इथे माझं मत असं की गोळ्या मोजण्याचं रूपांतर फार पटकन खडसावण्यात होतं. कारण बऱ्याचदा भलतंच असतं, टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असतं आणि ते एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाची पातळी खाली आणतं (म्हणून तेव्हा ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं), किंवा त्याच वेळी उपाशीपोटी कॅल्शियमची, लोहाची गोळी नाहीतर ॲसिडिटीसाठी अँटासिड घेतलेलं असतं, किंवा माणूस ऊसतोडीला चार-सहा महिने बाहेर गेलेला असतो आणि मुकादमासमोर बाटली काढायची सोय नसते.

सध्या बहुतेक पेशंट टीएलडीवर आहेत, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर मिळून रोज एक गोळी. डोल्युटेग्राव्हिरला रेझिस्टन्स यायला कठीण जातं हे खरं. युगांडा, केनिया आणि झिंबाब्वेत झालेल्या नाडिया नावाच्या अभ्यासात फर्स्ट लाइन फेल झालेल्या लोकांना ते दिलं तेव्हा सोबतच्या जुन्या दोन औषधांना आधीच रेझिस्टन्स असूनही लोड खाली आला. पण कठीण म्हणजे अशक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात डोल्युटेग्राव्हिरचा रेझिस्टन्स ३.९ ते ८.६ टक्के दाखवलाय, आणि लोड जास्त असतानाच या औषधावर आणलेल्या जुन्या पेशंटमध्ये १९.६ टक्क्यांपर्यंत.

नेमका कोणता बदल झालाय ते जीनोटाइप टेस्टमध्ये कळतं, विषाणूचा मजकूर वाचून काढतात. मात्र ही टेस्ट फेल झालेली औषधं चालू असतानाच करायला लागते. ती बंद केली की मूळचा धडधाकट विषाणू पुन्हा वरचढ होतो, बदललेला मागे पडतो, आणि नेहमीच्या पद्धतीत साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी असलेला प्रकार दिसतच नाही. रिपोर्ट स्वच्छ येतो, पण बदललेला विषाणू झोपलेल्या पेशींच्या डीएनएत वर्षानुवर्षं पडून असतो आणि जुनं औषध परत दिलं की तो उठतो. त्यामुळे जाणता डॉक्टर आजच्या रिपोर्टाबरोबर पेशंटचं जुनं पुस्तकही मागतो, कोणत्या साली कुठली गोळी होती, कधी सुटली आणि तेव्हा लोड किती होता, हे सगळं बघून मगच पुढची औषधं लिहितो.