भिंत पेडर रोडवर नसते

जानेवारीचा तिसरा रविवार उलटला की मुंबई मॅरेथॉन धावून आलेल्यांचं एक गाऱ्हाणं हमखास ऐकू येतं : पेडर रोडच्या चढाने घात केला. २००४ पासून हा चढ बिचारा बदनाम आहे. साताऱ्याचा यवतेश्वर घाट धावत चढणाऱ्याला तो चढ वाटूही नये. पण परतीच्या वाटेवर तो येतो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, आणि नेमकी तिथेच धावणाऱ्यांची ती प्रसिद्ध ‘वॉल’ लागते. पाय शिशाचे होतात, डोकं बधिर होतं, ‘कशाला आलो इथे’ असं वाटू लागतं.

हिशेब मांडून पाहू. धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजार. साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम. ग्रॅमला ४ प्रमाणे झाल्या दोन हजार. उरलेल्या पाचशे चरबीतून सहज निघतील. कागदावर तरी भिंत लागायला नको.

गोम अशी की हा साठा सामाईक नाही. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या फांद्याफांद्यांची जाळी. तिच्यातून कण सुटतो तो फॉस्फेट चिकटलेल्या अवस्थेत, आणि फॉस्फेटवर विद्युतभार असल्याने त्याला पेशीच्या पडद्यातून बाहेर पडता येत नाही. यकृताकडे हा फॉस्फेट काढून टाकणारं विकर आहे, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. स्नायूंकडे ते नाही. त्यामुळे यकृतातली साखर रक्तात उतरते, मेंदूला मिळते; स्नायूतली मात्र ज्या पेशीत साठली तिथेच अडकते. दंडाखांद्यातली साखर ग्लुकोज म्हणून पोटरीला मिळत नाही. हं, एक चोरवाट आहे : तिचं लॅक्टेट केलं तर ते बाहेर पडतं, आणि हृदय, इतर स्नायू, यकृत ते आनंदाने वापरतात. ज्या ‘लॅक्टिक अ‍ॅसिड’वर आपण दुसऱ्या दिवशीच्या पायदुखीचं खापर फोडतो, तेच हे इंधन. शर्यतीनंतर तास-दोन तासांत ते रक्तातून ओसरलेलं असतं. सोमवारी जिना उतरताना दुखतात ते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे.

म्हणजे पायांची तिजोरी वेगळी, मेंदूची वेगळी. दोन्ही एकदम तळाला गेल्या की भिंत. आणि तिजोरी किती लवकर रिकामी होईल हे वेगावर ठरतं. वेग वाढला की चरबी मागे पडते. ती सावकाश जळते आणि त्याच लिटरभर ऑक्सिजनमध्ये साखरेपेक्षा काही टक्के कमी ऊर्जा देते. पहाटेचा गारवा, ढोलताशे, गर्दीचा रेटा यांत किलोमीटरला वीस सेकंद जोरात सुटलेला माणूस पुढची साखर आधीच खर्चून बसतो. ‘शरीर थकतं, मन थकत नाही’ असं सांगणाऱ्या प्रेरणादायी वक्त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की मेंदूही साखरेवरच चालतो.

साठा वाढवायला आदल्या रात्रीचं भरपेट जेवण पुरत नाही. आधीचे दीड-दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे रोज ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं लागतात. भात, पोहे, बटाटा, केळी, गूळ चालेल. राजमा, कोबी, तळलेलं नको. वजन किलो-दीड किलो वाढेल, घाबरू नये : १ ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रात्रभरात मेंदू यकृताचा साठा खातो, म्हणून पहाटे काहीतरी खाल्लंच पाहिजे, उपाशी पोटी उभं राहू नये.

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर. आतड्यात ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिनं ६० ग्रॅमच्या आसपास हात टेकतात. फ्रुक्टोजचं, म्हणजे फळांतल्या साखरेचं, दार वेगळं असल्याने मिश्रण असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण आतड्याला त्याची आधी सवय हवी. धावताना चोखायच्या पाकिटबंद, साखरेच्या दाट ‘जेल’मध्ये साधारण २०-२५ ग्रॅम असतात. पहिलं अर्ध्या-पाऊण तासात, भूक लागायची वाट न पाहता, आणि साध्या पाण्याबरोबर. त्यावर गोड पेय प्यायलं तर दाट द्रावण आतड्यात उलट पाणी खेचतं, पोटात कळ येते. ओआरएसवर ऊर्जेची भिस्त ठेवू नये. प्रमाणित ओआरएसच्या १ लिटरमध्ये ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम, म्हणजे एका किलोमीटरचीही बेगमी नाही.

एवढं करूनही भिंत लागलीच तर चालायला लागावं, जेल घ्यावं, दहा-पंधरा मिनिटं धीर धरावा. रक्तातली साखर वर येते, डोकं ताळ्यावर येतं. पायांची तिजोरी मात्र त्या दिवशी भरत नाही. ती भरायला पुढचे काही दिवस जातात. पेडर रोड चालतच चढावा.