पायातली गुठळी की प्लेटलेट कमी?

केमोच्या वॉर्डात नातेवाईक दोन्हीला एकच नाव देतात. "सिस्टर, रक्ताचं काहीतरी झालंय म्हणे." पण एकात रक्त नको तिथे गोठतं, दुसऱ्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी पडून वाहिलेलं थांबत नाही.

गुठळी बहुधा एकाच पायात होते. पोटरी सुजते, दुखते, हाताला गरम लागते. कॅन्सरमुळे रक्त गोठण्याकडे झुकतं, हे फ्रान्सच्या डॉ. त्रुसो यांनी 1865 सालीच मांडलं होतं. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये हा धोका जास्त. त्यात पेशंट अंथरुणाला खिळलेला आणि सोलापूरचा मे महिना, पारा 40 च्या वर. उलट्यांमुळे पाणीही पोटात टिकत नाही. आम्ही दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर टेपने मोजतो. फरक 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त दिसला की लगेच डॉक्टरांना कळवतो, मग डॉपलर, म्हणजे पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, होते.

हात जोडून सांगते, असा पाय चोळू नका. कोमट तेल घेऊन बसणारी आई मायेनंच बसते, पण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. अचानक धाप लागली, छातीत कळ आली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्लेटलेटचं उलट. दीड ते साडेचार लाख असायला हव्यात, त्या केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत खाली येतात. पाय सुजत नाही; नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. आपल्याकडे उन्हाळ्यात घामोळं समजून त्यावर पावडर लावतात. बोटाने दाबून बघा: ठिपका फिका पडला नाही, तर ते कातडीखालचं रक्त आहे. हिरड्यांतून रक्त किंवा काळी शी हीसुद्धा त्याचीच खूण. ब्रश मऊ हवा. मिश्री घासणाऱ्या बायकांना ती सोडायला लावणं अवघड जातं, तरी मी रोज सांगते. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका.

खरी कसोटी दोन्ही एकाच पेशंटला झालं तर. गुठळीसाठी पोटावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असतं आणि प्लेटलेट 50,000 च्या खाली जातात. तेव्हा डोस कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टरच ठरवतात. सुईच्या जागी छोटा काळानिळा डाग पडतो, त्याला घाबरू नका, फक्त ती जागा चोळू नका. पण सुई टोचलेली नाही तिथे डाग दिसले तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करा. शेवटचं इंजेक्शन कधी झालं आणि शेवटचा काउंट किती होता, हे एका कागदावर लिहून फाइलच्या अगदी वर ठेवा. रात्री कॅज्युअल्टीत आधी तेच विचारतात.